डॉ. रखमाबाई : संमतीवाचून विवाह कसला?

लग्नाची बोलणी निघाली म्हणजे आपल्या खेडोपाडी पुष्कळ गोष्टींची चौकशी होते. घर कसे, शेत किती, मुलास नोकरी कोठे, मानपान काय, हे सर्व बारकाईने विचारले जाते. परंतु जिने जन्मभर नांदावयाचे त्या मुलीस, तुझी खुशी आहे काय, हा प्रश्न सर्वांच्या शेवटी, आणि तोही मांडव घातल्यावर विचारण्यात येतो. हाच प्रश्न मुंबईच्या हायकोर्टापुढे उभा करून ज्यांनी सर्व हिंदुस्थानास व विलायतेसही विचार करावयास लाविले, त्या डॉ. रखमाबाई यांचे चरित्र आज सादर करीत आहो. त्या आपल्या मंडळीपैकी नव्हत्या. तथापि त्यांच्या चरित्रापासून आपण घेण्याजोगे पुष्कळ आहे.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत एका सुतार कुटुंबात झाला. त्यांच्या वडिलांचे नाव जनार्दन पांडुरंग व आईचे जयंतीबाई. जयंतीबाईंचे लग्न १४ व्या वर्षी झाले, १५ व्या वर्षी त्यांस ही कन्या झाली आणि १७ व्या वर्षी वैधव्य आले. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्येच झाला होता. परंतु उच्च म्हणविणाऱ्या जातींत तो बहुधा कागदावरच होता. सुतार ज्ञातीत मात्र पाट लावण्याची चाल होती. त्यामुळे काही वर्षांनी जयंतीबाईंचा पुनर्विवाह डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी झाला. तत्पूर्वी त्यांनी पहिल्या पतीची मिळकत आपल्या लहान मुलीच्या नावे करून दिली. डॉ. सखाराम अर्जुन हे नामांकित वैद्य व वनस्पतिशास्त्राचे जाणते होते, आणि सावत्र पिता असूनही त्यांनी ह्या मुलीस पोटच्या मुलीप्रमाणे वाढविले.

तरी त्या काळच्या चालीपुढे त्यांचेही काही चालले नाही. रखमाबाई ११ वर्षांच्या असता दादाजी भिकाजी नावाच्या १९ वर्षांच्या मुलाशी त्यांचे लग्न झाले. दादाजी डॉक्टरांच्याच नात्यातला होता. त्याने घरजावई होऊन राहावे, विद्या शिकावी व माणूस बनावे, असे ठरले होते. परंतु त्याचे चित्त शिक्षणात लागेना. तो घर सोडून आपल्या मामाकडे राहू लागला व शरीरानेही खंगला. इकडे कोवळ्या वयात मुलीवर संसाराचा भार पडू देणे डॉक्टरांस मान्य नव्हते. म्हणून त्यांनी तीस आपल्याजवळच ठेविले. शाळा सुटली, पण शिक्षण सुटले नाही. फ्री चर्च मिशनच्या ग्रंथसंग्रहातील पुस्तके आणून रखमाबाई घरी वाचीत, इंग्रजी शिकत, आणि प्रार्थनासमाज व आर्य महिला समाज यांच्या सभांस जात. येणेप्रमाणे जी मुलगी ११ व्या वर्षी बोहल्यावर बसविली गेली, तीस वयाची २० वर्षे भरण्याच्या सुमारास आपले लग्न म्हणजे काय झाले हे कळू लागले.

मार्च १८८४ मध्ये दादाजीने वकिलामार्फत नोटीस दिली की, माझी पत्नी नांदावयास पाठवा. रखमाबाईंनी ठाम नकार दिला. तेव्हा त्याने मुंबई हायकोर्टात दावा लाविला. हा दावा कोणत्या जातीचा होता हे समजून घेतले पाहिजे. नांदावयास न येणाऱ्या जोडीदारास कोर्टाच्या हुकुमाने परत आणण्याचा हा अधिकार मूळ हिंदू धर्मशास्त्रातला नव्हे. तो इंग्लंडातील चर्चच्या जुन्या न्यायसभांतून निघून इंग्रज न्यायाधीशांबरोबर इकडे आला. हुकूम न पाळणाऱ्यास तुरुंगात घालण्याची तरतूदही त्याबरोबर आली. नवल हे की, ज्या १८८४ साली ही नोटीस निघाली, त्याच साली इंग्लंडने अशा दाव्यातील तुरुंगाची शिक्षा आपल्या देशात काढून टाकली. आपल्याकडे मात्र ती तशीच राहिली. शिवाय दादाजीस दुसरी पत्नी करण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. रखमाबाईंस त्या बंधनातून सुटण्याचा एकही मार्ग नव्हता.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा काढून टाकला. लहानपणी अजाणता लग्न झालेल्या आणि पतीच्या घरी कधीच न नांदलेल्या स्त्रीस, तिच्या इच्छेविरुद्ध, एखादी वस्तू ताब्यात द्यावी तसे पतीच्या स्वाधीन करणे त्यांस अमानुष वाटले. जो संसार मुळात सुरूच झाला नाही तो परत कसा द्यावयाचा, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. त्याच वर्षी बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवर टाइम्स ऑफ इंडिया पत्रात एका हिंदू स्त्रीच्या नावाने पत्रे प्रसिद्ध झाली होती. तीही रखमाबाईंचीच.

निकालाने देशात मोठी खळबळ उडाली. दादाजीने अपील केले. मुख्य न्यायमूर्ती सर चार्ल्स सार्जंट व न्यायमूर्ती बेली यांनी एप्रिल १८८६ मध्ये पहिला निकाल फिरविला व खटला पुन्हा चौकशीस पाठविला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की, रखमाबाईंनी एका महिन्यात पतीच्या घरी जावे; न गेल्यास सहा महिने तुरुंगवास भोगावा. रखमाबाईंनी कळविले की, कायद्याची शिक्षा पत्करीन, पण त्या घरी जाणार नाही. त्यांचे पालनकर्ते डॉ. सखाराम अर्जुन १८८५ मध्येच वारले होते. म्हणजे हा निर्धार त्यांनी पित्याचे छत्र नसताना केला. लोकमान्य टिळकांनी त्यांच्या विरुद्ध लेखणी चालविली; परक्यांच्या कोर्टाने आमच्या धर्मात हात घालू नये, ही त्या पक्षाची भीती होती. दुसऱ्या बाजूस बेहरामजी मलबारी आदिकरून सुधारक उभे राहिले व रखमाबाईंच्या साह्यार्थ एक मंडळ स्थापन झाले. त्याच साली पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात ही हकीकत तिकडील लोकांपुढे मांडली. शेवटी १८८८ च्या जुलैत तडजोड होऊन दादाजीने २००० रुपये घेतले आणि हुकुमाची बजावणी सोडून दिली. तुरुंग टळला, परंतु विवाह कायद्याने मोडला नाही.

आपले दुःख सांगत बसण्यात रखमाबाईंनी आयुष्य घालविले नाही. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पेची यांच्या उत्तेजनाने व मित्रांनी जमविलेल्या निधीने त्या १८८९ मध्ये विलायतेस गेल्या. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत शिकून १८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. स्वदेशी परत आल्यावर त्यांनी सुरतेच्या स्त्रियांच्या दवाखान्यात काम धरिले. मुंबईहून सुरतेस जाणारी आगगाडी भाईंदर मागे टाकून वसईच्या खाडीवरील पुलावरून पुढे जाते. त्याच लोहमार्गाच्या पलीकडल्या टोकास ह्या बाईंनी आपल्या आयुष्याची उमेदीची वर्षे परक्या स्त्रियांची बाळंतपणे व दुखणी काढण्यात वेचिली. पुढे राजकोट येथेही त्यांनी सेवा केली. त्यांची एकंदर वैद्यकीय सेवा सुमारे ३५ वर्षांची होती. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. १९०४ मध्ये दादाजी वारल्यावर त्यांनी विधवेचा वेश घेतला. ज्यांनी त्यांस धर्मबुडवी म्हटले, त्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. त्यांचा विरोध विवाहास नव्हता; संमतीवाचून लादलेल्या विवाहास होता.

त्यांनी लाविलेले बीज उगवण्यास फार काळ लागला. १८९१ मध्ये मुलीच्या संमतीचे वय १० वरून १२ करण्यात आले. नांदण्याच्या दाव्यात तुरुंगात टाकण्याची शिक्षा १९२३ मध्ये रद्द झाली. १९२९ च्या सारडा कायद्याने लग्नाचे वय मुलीस १४ व मुलास १८ ठरविले. हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ रोजी अमलात आला. त्याने बहुपत्नीत्व बंद केले व घटस्फोटाचा मार्ग स्त्रीपुरुषांस सारखाच खुला केला. त्यानंतर चारच महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९५५ रोजी, डॉ. रखमाबाई ९० वर्षांच्या होऊन मुंबईत निवर्तल्या. तथापि नांदण्याचा दावा त्या नव्या कायद्यातही पतिपत्नी दोघांसाठी राहिलाच. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश हायकोर्टाने ते कलम घटनाबाह्य ठरविले, परंतु १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले.

हे वाचून आपणांपैकी कोणी म्हणेल की, ही हकीकत हिंदू समाजाची, आम्हांस तिचे काय? बंधूंनो, असा अभिमान धरण्यास जागा नाही. आपल्या लोकांस लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोटाच्या कायद्यात पतीस पत्नीचा व्यभिचार तेवढा शाबीत केला म्हणजे पुरे होते. पत्नीस मात्र पतीच्या व्यभिचाराबरोबर क्रूरपणा किंवा दोन वर्षे टाकून देणे असे आणखी काही शाबीत करावे लागे. ज्या इंग्लंडचा हा कायदा, त्याने ही विषमता १९२३ मध्येच दूर केली. आपल्या ख्रिस्ती भगिनींस ती दूर होण्यासाठी २००१ पर्यंत, म्हणजे १३२ वर्षे, वाट पाहावी लागली. नांदावयास आणण्याचा दावाही त्याच १८६९ च्या कायद्यात होता.

कायदा बदलला म्हणजे घर बदलले असे होत नाही. मिरा-भाईंदरकडे पाहा. एके काळची मिठागरांची व शेतीची गावे आता २००२ पासून महानगरपालिकेचे शहर झाली आहेत. तेथील पुष्कळ मुली रोज आगगाडीने नोकरीस जातात व आपल्या श्रमाचे चार पैसे घरी आणतात. जी मुलगी घर चालविण्यास शहाणी समजली जाते, ती आपल्या लग्नाविषयी बोलू लागली की तीच एकाएकी अजाण कशी ठरते?

म्हणून पाळक व उपदेशक बंधूंस नम्र विनंती आहे. लग्नाची सूचना मंडळीत वाचण्यापूर्वी वयाचा दाखला पाहावा. कायद्याने मुलीस १८ व मुलास २१ वर्षे पूर्ण पाहिजेत. मग मुलीची एकटीची गाठ घ्यावी. आईबाप, मामा, वऱ्हाडी कोणी जवळ नसावे. हवी तर मंडळीतील एखादी वडीलधारी बाई बरोबर असावी. तीस साध्या बोलीत विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी. ती गप्प राहिली तर ती गप्पच राहिली असे समजावे, होकार दिला असे समजू नये. नाही म्हणाली तर लग्न थांबवावे, मग पत्रिका छापल्या असोत की बस्ता बांधलेला असो. उपासनेत वधूस जो प्रश्न सर्वांसमक्ष विचारतात, त्याचे खरे उत्तर तिच्या तोंडी यावे, यासाठी एवढा त्रास थोडाच आहे. रखमाबाईंस ११ व्या वर्षी हे कोणी विचारले असते, तर त्यांस आपले उत्तर देण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली नसती.