पंडिता रमाबाईंना बळ कुठून मिळाले?

१८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाई डोंगरे यांचे आई-वडील दुष्काळात गेले. १८८० मध्ये भाऊ वारला, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी. पदरी तान्ही मनोरमा. पुढच्याच वर्षी त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पुण्यात त्यावरून वादळ उठले. अनेक पालकांनी शारदा सदनातून मुली काढून नेल्या. रमाबाई डगमगल्या नाहीत. प्रार्थना आणि काम, दोन्ही चालू राहिले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुलींना केडगावच्या मळ्यावर घेऊन आल्या. तिथेच ‘मुक्ती’ उभी राहिली. भूक काय असते, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती! १९२१ मध्ये मनोरमाही गेली. थकलेल्या रमाबाईंनी तरीही हिब्रू-ग्रीकवरून चाललेले बायबलचे मराठी भाषांतर सोडले नाही. ते पुरे करूनच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले.