अल्लादियाखाँ

उस्ताद अल्लादियाखाँ (जन्म : उनियारा, राजस्थान, १० ऑगस्ट १८५५, मृत्यू : मुंबई, १६ मार्च १९४६) हे हिंदुस्थानी संगीतातील ख्यालगायक आणि जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक होते. कोल्हापूर संस्थानाचे दरबारगायक म्हणून त्यांनी सुमारे सत्तावीस वर्षे व्यतीत केली. मैफलीचे गायक म्हणून त्यांची ख्याती देशभर होती. तथापि त्यांच्या गायनाची एकही ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. त्यांची गायकी आज ऐकता येते ती केवळ शिष्यांच्या आणि प्रशिष्यांच्या कंठातून.

पूर्वायुष्य

अल्लादियाखाँ यांचे मूळ नाव गुलाम अहमद. त्यांचे घराणे मूळचे अलीगढजवळील अत्रौली गावचे. तेथील गायकांची अनेक कुटुंबे राजस्थानातील संस्थानांच्या आश्रयास गेली होती. घराण्यात ध्रुपदाची डागुर बाणी चालत आलेली होती. वडील अहमदखाँ हे उनियारा व टोंक येथे दरबारगायक होते. त्यांचे निधन झाले तेव्हा अल्लादियाखाँ कुमारवयात होते. पुढील तालीम त्यांना जयपूर येथे चुलते जहांगीरखाँ यांच्याकडे मिळाली. प्रथम ध्रुपद-धमार आणि त्यानंतर ख्याल अशा क्रमाने ही तालीम अनेक वर्षे चालली. ध्रुपदाचा हा पाया त्यांच्या ख्यालगायनात अखेरपर्यंत जाणवत राहिला.

आवाजाचा आघात

तरुणपणी त्यांचा आवाज गोड आणि चपळ होता. एका संस्थानिकाच्या दरबारात दिवसेंदिवस अतिश्रमाने गावे लागल्यामुळे त्यांचा गळा बसला आणि बराच काळ त्यांना गाता येईना. आवाज परत आला, पण पूर्वीचा राहिला नव्हता. तो जड झाला होता. ज्याची उपजीविका आणि प्रतिष्ठा गळ्यावर अवलंबून, अशा गायकाच्या जीवनातील हा मोठा कसोटीचा काळ होता. गेलेल्या आवाजाचा पाठपुरावा न करता त्यांनी उरलेल्या आवाजाला साजेल अशी गायनपद्धती रचली. जयपूर-अत्रौली गायकीची ओळख ठरलेली वैशिष्ट्ये या पुनर्रचनेतून आकारास आली.

कोल्हापूर

१८९५ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापूर दरबारात नियुक्त केले. धाकटे बंधू हैदरखाँ हेही त्यांच्यासमवेत कोल्हापुरात होते. मल्लविद्या, नाट्य आणि संगीत या तिन्ही कलांना महाराजांचा आश्रय होता. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या गायन समाज देवल क्लबमुळे शहरात जाणकार श्रोतृवर्गही तयार झाला होता. दरबाराच्या आश्रयामुळे रोजच्या उदरनिर्वाहाची चिंता मिटली आणि विद्येची साधना व तिचे दान या दोहोंना निवांतपणा लाभला.

भास्करबुवा बखले यांनी याच काळात त्यांच्याकडून तालीम घेतली. बुवांनी पुढे बालगंधर्वांना शिकवले आणि संगीत स्वयंवर या नाटकातील पदांना चाली दिल्या. संगीत मानापमानचे संगीतकार गोविंदराव टेंबे हेही खाँसाहेबांच्या निकट सहवासात होते. त्यांनी खाँसाहेबांचे चरित्र मराठीत लिहिले. अशा रीतीने, स्वतः रंगभूमीवर कधी न गायलेल्या या गायकाचे संस्कार मराठी नाट्यसंगीतापर्यंत पोहोचले.

१९२२ हे वर्ष त्यांच्या दृष्टीने दुःखद ठरले. त्या वर्षी भास्करबुवा आणि शाहू महाराज या दोघांचेही निधन झाले. त्यानंतर खाँसाहेब मुंबईस स्थायिक झाले.

गायकी

विलंबित त्रितालातील ख्याल, खुला आकार, लयीच्या अंगाने सलग विणलेली आलापी आणि समेवर सहज येण्याचे कौशल्य ही त्यांच्या गायकीची प्रमुख लक्षणे होत. त्यांच्या ताना सरळ न धावता वळणे घेत पुढे जात आणि तरीही आवर्तनाची चौकट सोडत नसत. नट-कामोद, बसंती केदार यांसारखे जोडराग, तसेच खोकर, खट, बिहागडा, संपूर्ण मालकंस असे अनवट राग त्यांनी प्रचारात आणले. जोडरागांत दोन राग एकापुढे एक न ठेवता ते एकजीव करण्यावर त्यांचा भर असे.

ध्वनिमुद्रणाचा अभाव

भारतात ग्रामोफोनसाठी ध्वनिमुद्रण १९०२ पासून सुरू झाले. किराणा घराण्याचे अब्दुल करीमखाँ आदी समकालीन गायकांच्या तबकड्या निघाल्या. अल्लादियाखाँ मात्र ध्वनिमुद्रणास कधीही राजी झाले नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या चिजा तबकडीवरून कोणीही उचलील, हे त्याचे कारण सांगितले जाते. शिवाय त्या काळच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची असे. विलंबित ख्यालाची संथ, पायरीपायरीने होणारी बढत तेवढ्यात मावणे शक्य नव्हते. मैफल मुद्रित करण्याची साधने पुढे सुलभ झाली, तोपर्यंत खाँसाहेब हयात नव्हते.

या निर्णयामुळे विद्या घराण्यात सुरक्षित राहिली, परंतु तिच्या मूळ स्वराला पुढील पिढ्या मुकल्या. शिष्यांनीही तोच मार्ग पत्करला असता, तर ही गायकी केवळ आठवणींत उरली असती.

शिष्यपरंपरा

केसरबाई केरकर यांची तालीम १९२१ मध्ये सुरू झाली आणि ती खाँसाहेबांच्या निधनापर्यंत चालली. केसरबाईंच्या तबकड्या निघाल्या. त्यांनी गायिलेली एक भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांवरील सुवर्ण तबकडीत समाविष्ट झाली. व्हॉयेजर-१ च्या उड्डाणानंतर अकराच दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाईंचे निधन झाले. सांगलीत वास्तव्य असताना खाँसाहेबांनी मोगूबाई कुर्डीकर यांचे गाणे ऐकून त्यांना शिकवण्यास प्रारंभ केला. मोगूबाईंची कन्या किशोरी आमोणकर यांनी ही परंपरा पुढे नेली. मुंबईचे व्यापारी गुलुभाई जसदनवाला यांनी खाँसाहेबांकडून मिळालेल्या बंदिशींचा मोठा संग्रह जतन केला.

बदरुद्दीन ऊर्फ मंजीखाँ यांचे १९३७ मध्ये, वडिलांच्या हयातीतच निधन झाले. शमसुद्दीन ऊर्फ भुर्जीखाँ यांनी कोल्हापुरात राहून विद्यादान केले. मंजीखाँ यांच्या पश्चात मल्लिकार्जुन मन्सूर यांची तालीम त्यांनी पुढे चालवली. कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी याही त्यांच्याच शिष्या. मन्सूरांच्या मैफलींची विपुल ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत. खाँसाहेबांनी जोपासलेले अनवट व जोडराग तबकडीच्या मर्यादेबाहेर, सविस्तर ऐकावयाचे असल्यास ही ध्वनिमुद्रणे आज महत्त्वाचा आधार ठरतात.

आत्मकथन

अखेरच्या काळात खाँसाहेबांनी आपली जीवनकथा नातू अजिजुद्दीनखाँ यांना उर्दूत सांगितली. भुर्जीखाँ यांचे पुत्र असलेल्या अजिजुद्दीनखाँ यांनी ती लिहून ठेवली आणि २००० मध्ये तिचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. खाँसाहेबांचा गाता आवाज उरला नसला, तरी त्यांचे कथन त्यामुळे जतन झाले आहे.