कलांगचा मेंढपाळ पायलट



आमचं ऑफिस तुआसला. दुपारी डबा खायला बाहेर पडलो की कधीकधी डोक्यावरून तेंगा एअरबेसची फायटर विमानं गडगडत जातात. नवीन होतो तेव्हा दचकायचो. एकदा सहज या तळाचा युद्धातला इतिहास वाचायला घेतला आणि त्यात जेफ्री फिस्कन भेटला. माणूस न्यूझीलंडचा, आपल्याशी नातं काही नाही. पण लढला तो आपल्या या बेटाच्या आकाशात, म्हणून हा लेख.

फिस्कनचा जन्म १७ फेब्रुवारी १९१६ चा, गिसबर्न गावचा. विमान चालवायला तो १९३० च्या दशकात, युद्धाआधीच हौसेने शिकला. १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा मास्टरटन भागात एका शेतकऱ्याकडे कामाला होता. लगेच नाव नोंदवलं, पण शेतीवरच्या माणसांना सहजी सोडत नसत, त्यामुळे हवाई दलात जायला १९४० उजाडलं. १९४१ च्या सुरुवातीला सिंगापूरला आला तो खरं तर समुद्री विमानांच्या स्क्वाड्रनसाठी. ते बारगळलं आणि कलांगला त्याच्या हाती ब्रूस्टर बफेलो आलं. (ओल्ड एअरपोर्ट रोडवर आपण खायला जातो ना, तो रस्ता याच कलांग विमानतळाचा!)

बफेलो म्हणजे नावाप्रमाणेच म्हैस. बोजड, चढायला मंद. जपानी झिरोपुढे तिचा निभाव लागणं कठीण. वजन कमी करावं म्हणून काही विमानांच्या जड मशीनगन काढून हलक्या बसवल्या, गोळ्या आणि इंधनही कमी भरलं. आम्ही प्रॉडक्शनमध्ये जे जुगाड करतो तेच, फक्त इथे चूक झाली तर जीव जायचा.

८ डिसेंबर १९४१ च्या पहाटे सिंगापूरवर पहिले बॉम्ब पडले, तेंगावरही. फिस्कन तेव्हा २४३ स्क्वाड्रनमध्ये सार्जंट होता. झिरोशी गिरक्या घेत लढायचं नाही, हे त्याने पक्कं ओळखलं. आधी उंची गाठायची, वरून एकदाच झेप घ्यायची, गोळ्या झाडायच्या आणि सरळ खाली निघून जायचं. सिनेमातल्या हिरोला हे शोभणार नाही. पण शत्रूचं विमान पाडून जिवंत परतायचा मार्ग तोच होता.

१४ जानेवारी १९४२ ला त्याने पाडलेलं विमान इतक्या जवळ फुटलं की त्या स्फोटाने त्याच्याच विमानाचं नुकसान झालं. जानेवारी संपेपर्यंत त्याच्या स्क्वाड्रनचे बरेचसे पायलट आणि जवळपास सगळी विमानं संपली होती. १ फेब्रुवारीच्या लढाईत त्याच्या हाताला आणि पायाला जखमा झाल्या, कसाबसा उतरला. सिंगापूर पडायच्या थोडं आधी त्याला मायदेशी हलवलं. १५ फेब्रुवारीला शरणागती झाली आणि हजारो भारतीय जवानही कैदेत गेले.

जखमा भरल्यावर गडी परत लढायला गेला. १९४३ मध्ये ग्वाडलकनालला, किटीहॉक विमानावर. त्याच्या विमानाचं नाव होतं 'वायरारापा वाइल्डकॅट'. शेवटी त्याच्या नावावर ११ विमानं लागली. जपानशी लढलेल्या राष्ट्रकुलाच्या पायलटांत हा सर्वात मोठा आकडा मानला जातो. (हवाई लढाईतले असे आकडे सगळ्याच देशांचे थोडे फुगलेले असतात, हेही खरं.) सप्टेंबर १९४३ मध्ये डीएफसी पदक मिळालं, आणि डिसेंबरमध्ये तब्येतीमुळे हवाई दलातून सुटका.

मग हा पुन्हा शेतीवर! वय जेमतेम सत्तावीस. पदकाच्या जोरावर मिरवायचा, हिरो म्हणवून घ्यायचा त्याचा स्वभाव नव्हता. मला वाटतं, ज्याने एका महिन्यात आपलं स्क्वाड्रन संपताना पाहिलं, त्याला तो शब्द अंगाला लावून घेणं अवघडच जात असणार. आणि आपण हिरो हिरो म्हणत राहिलो, की या पोरांना असली विमानं देऊन लढायला कोणी पाठवलं, हा प्रश्न बाजूलाच पडतो.

१२ जून २०११ ला, पंचाण्णवाव्या वर्षी, तो रोटोरुआत वारला.

गेल्या महिन्यात मुलाला घेऊन क्रांजीच्या युद्ध स्मारकावर गेलो होतो. ज्यांना थडगंसुद्धा मिळालं नाही अशा २४,००० हून अधिक जणांची नावं तिथल्या भिंतींवर आहेत. आपली भारतीय नावं तर रांगेने. मुलगा बोट ठेवून मोठ्याने वाचत होता. चौथ्या-पाचव्या रांगेला दमला आणि म्हणाला, बाबा, अजून किती आहेत?