वकिलीतून बंदिशींकडे : पंडित भातखंडे

संगीत विद्यालयांतून शिकविणाऱ्या शिक्षकांच्या हाताशी ‘क्रमिक पुस्तक मालिका’ नाही, असे क्वचितच आढळते. सहा भाग आणि अठराशेहून अधिक बंदिशी एवढा तिचा विस्तार आहे. ही मालिका सिद्ध करणारे विष्णु नारायण भातखंडे पेशाने वकील होते, आणि त्यांनी जे मिळविले ते पदरमोड करून व उस्तादांची मनधरणी करून मिळविले.

१० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे त्यांचा जन्म झाला. १८८५ मध्ये बी. ए. आणि १८८७ मध्ये एलएल. बी. होऊन त्यांनी काही काळ कराचीत व नंतर मुंबईत वकिली केली. मात्र विद्यार्थिदशेतच ते वल्लभदास दामुलजी यांच्याकडे सतार शिकू लागले होते आणि १८८४ मध्ये पारशी गायन उत्तेजक मंडळीत दाखलही झाले होते. तेथे रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून त्यांना ध्रुपदे मिळाली. पुढे नामांकित उस्तादांचे ख्याल ऐकता ऐकता एक प्रश्न त्यांना छळू लागला. एकच राग दोन गवई वेगळ्या स्वरांनी गातात; कारण विचारावे तर घराण्याचा हवाला मिळतो; आणि जुने संस्कृत ग्रंथ उघडावेत तर त्यांतील शुद्ध स्वरसप्तकच चालू गायनाशी जुळत नाही. शास्त्र एकीकडे आणि गळा दुसरीकडे, अशी ही अवस्था होती.

१९०० मध्ये पत्नी व १९०३ मध्ये एकुलती एक कन्या गेली. संसार असा संपल्यावर १९०४ मध्ये ते दक्षिणेच्या यात्रेस निघाले. मद्रास, तंजावर, मदुरा करीत ते एट्टियापुरम् येथे सुब्बराम दीक्षितारांना भेटले. व्यंकटमखींच्या ‘चतुर्दंडीप्रकाशिके’तील बहात्तर मेळांची व्यवस्था त्यांच्या मनात भरली. उत्तरेकडील रागांची दहा थाटांत विभागणी करताना तोच आदर्श त्यांच्यासमोर होता. या विभागणीवर आक्षेप कमी नाहीत, आणि ते निराधारही नाहीत. दोन्ही मध्यम लागोपाठ घेणारा ललत एका थाटात बसविताना ओढाताण होतेच. तथापि शुद्ध सप्तक म्हणून त्यांनी बिलावल स्वीकारला, तो निर्णय मात्र कायमचा रुजला.

त्यांची खरी कसोटी लागली ती बंदिशींच्या संग्रहात. चीज म्हणजे खानदानाची ठेव. ती कागदावर उतरविणारा हा वकील अनेकांना संशयास्पद वाटला, आणि तो संशय अगदीच गैर म्हणता येणार नाही. ज्या विद्येवर घर चालते ती छापून वाटली गेल्यावर घरात उरणार काय? भातखंड्यांनी त्यावर शिष्यत्वाचा मार्ग पत्करला. जयपूरच्या मुहम्मद अली खाँ यांच्या घराण्याकडून त्यांनी शेकडो चिजा मिळविल्या. रामपुरात नवाब हमीद अली खाँ व वझीर खाँ यांचे शिष्यत्व घेतले, तेव्हा त्यांनी वयाची चाळिशी केव्हाच ओलांडली होती.

एवढे मिळविलेले लिहावयाचे कसे? त्यांची स्वरलिपी बेताच्याच खुणांची आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकास खाली टिंब, तार सप्तकास वर टिंब, समेला फुली, खालीला शून्य. मात्रांच्या खुणांनी गजबजलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांच्या लिपीपेक्षा ती छापण्यास व वाचण्यास सोपी ठरली. मींड, कण दाखविता आले तरी गळ्यातील आस कागदावर उतरत नाही, ही गवयांची तक्रार मात्र खरी आहे. पुस्तक गुरूची जागा घेऊ शकत नाही; पण वीस मुलांच्या वर्गापुढे उभ्या असलेल्या शिक्षकाला आज काय शिकवावे व उद्या काय, हे सांगू शकते. रागाचे नियम गीतातच गुंफणारी लक्षणगीते भातखंड्यांनी ‘चतुर’ या नावाने रचली, ती याच गरजेपोटी. ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथही चतुरपंडित या नावानेच निघाला, तर गुरुशिष्यसंवादाच्या रूपाने मराठीत लिहिलेली ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ १९१० ते १९३२ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली.

सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १९१६ मध्ये बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तेथे श्रुतींच्या प्रश्नावर वाद रंगला. क्लेमंट्स व कृष्णाजी बल्लाळ देवल यांचा श्रुतिविचार भातखंड्यांना मान्य नव्हता. १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय, तर १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज उभे राहिले. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर १९२८ मध्ये लखनौचे प्राचार्य झाले. त्या संस्थेला पुढे भातखंड्यांचेच नाव मिळाले आणि २०२२ पासून ती राज्य विद्यापीठ आहे.

१९३३ मध्ये त्यांना पक्षाघात झाला. तीन वर्षे अंथरुणावर काढून १९ सप्टेंबर १९३६ रोजी ते निवर्तले. क्रमिक पुस्तकांचे चारच भाग तोवर बाहेर आले होते. पाचवा व सहावा त्यांच्या पश्चात छापला गेला.