इतिहास घरातून सांगणारे हरिभाऊ

मराठी ऐतिहासिक कादंबरीचा विचार करू लागले म्हणजे हरि नारायण आपटे यांच्यापाशी थांबावेच लागते. ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे जन्मलेले हरिभाऊ पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकले. गणिताशी त्यांचे कधी जुळले नाही आणि पदवीही हुकली. वाचन मात्र अफाट होते. १८८२ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर निवर्तले, तेव्हा या विद्यार्थ्याने त्यांच्यावर विलापकाव्य रचले. पुढे आगरकरांनी केलेल्या हॅम्लेटच्या भाषांतराचे निर्भीड परीक्षणही त्यांनी लिहिले. चुलत्यांनी स्थापन केलेल्या आनंदाश्रम या संस्थेचा कारभार त्यांनी सांभाळला, पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपदही भूषविले.

१८९० साली त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले. त्याचा वाचक पंडित नव्हता. घरातली कामे आटोपून कथेचे एक प्रकरण वाचणारा आणि पुढच्या अंकाची वाट पाहणारा असा तो कुटुंबातला वाचक होता. ‘पण लक्षात कोण घेतो?’ या सामाजिक कादंबरीत हरिभाऊंनी यमूच्या तोंडून एका विधवेचे दुःख सांगितले. त्या काळच्या समाजरचनेवर तेथे व्याख्यान नाही; ती रचना यमूच्या घरातच दिसते. हीच रीत त्यांनी पुढे इतिहासाला लावली.

ऐतिहासिक कादंबरीतील त्यांचा पहिला प्रयत्न, ‘म्हैसूरचा वाघ’, मेडोज टेलर या इंग्रज लेखकाच्या टिपू सुलतानावरील कादंबरीवर आधारलेला होता. हा टेलर निजामाच्या चाकरीत होता, नळदुर्गास अधिकारी होता आणि १८६३ च्या ‘तारा’ या कादंबरीची नायिका त्याने तुळजापुरातली घेतली होती. परंतु त्याचा वाचक विलायतेतला. त्याला देऊळ, जात, पेहराव सारेच समजावून द्यावे लागे. हरिभाऊंच्या वाचकाला हे सर्व जन्मतःच ठाऊक होते. कोणती पार्श्वभूमी सांगायची आणि कोणती गाळायची, हे वाचक कोण यावर ठरते.

१८९६ च्या सुमारास ‘उषःकाल’ आली. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ चा, रानड्यांचा मराठी सत्तेच्या उदयावरील ग्रंथ १९०० चा. म्हणजे साधने तुटपुंजी होती. हरिभाऊंनी विजापूरकरांचा एक निष्ठावंत किल्लेदार आणि शिवाजीराजांकडे ओढला गेलेला त्याचा मुलगा समोरासमोर उभे केले. खाल्ल्या मिठाला जागावे की स्वराज्याच्या हाकेला ओ द्यावी, हा सतराव्या शतकाचा प्रश्न बापलेकांच्या भांडणातून वाचकाला कळला. विजयनगरच्या पाडावावरील ‘वज्राघात’मध्येही १५६५ च्या लढाईमागे त्यांनी एका स्त्रीची वंचना उभी केली.

या रीतीत धोकाही आहे. ‘गड आला पण सिंह गेला’मधील कमलकुमारीची कथा वाचकांनी पुष्कळदा इतिहास म्हणूनच स्वीकारली. तानाजी पडल्यावर कोंढाण्याला सिंहगड नाव मिळाले, ही समजूतही कादंबरीच्या शीर्षकाने दृढ केली. वस्तुतः हे नाव त्याआधीच्या कागदपत्रांतही आढळते. पाल्हाळ आणि योगायोग हे दोषही त्यांच्या लेखनात आहेत. काही कादंबऱ्या तर अपुऱ्याच राहिल्या. ३ मार्च १९१९ रोजी ते निवर्तले.

हरिभाऊंचा धडा आज आपल्या मराठवाड्यातील लेखकांच्या विशेष उपयोगाचा आहे. किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला. शेजारच्या माहूरची रायबागन मोगलांच्या बाजूने शिवाजीराजांच्या फौजेसमोर उभी राहिली होती. या विषयांवर लिहू पाहणाऱ्याने सनावळ्या अवश्य तपासाव्यात, पण त्या वाचकाच्या माथी मारू नयेत. ज्या कुटुंबाचे जिल्ह्याचे ठाणे एका वर्षात बदलले, त्याला दाव्याच्या तारखेसाठी नव्या वाटेने जावे लागले असेल. त्या एका फेरीत पुनर्रचनेचा इतिहास मावतो. मात्र जेथे कल्पना केली, तेथे ती कल्पना आहे हे प्रस्तावनेत स्वच्छ सांगावे. हरिभाऊंच्या वाचकांची जी गफलत झाली, ती आपल्या विद्यार्थ्यांची होऊ नये.