कॅमेरा उघडून बघणारा मेस्त्री

राजारामपुरीत मोबाईलच्या दुकानांना तोटा नाही, पण आमच्या होस्टेलवर फोन दुकानात कमी आणि अभ्यासाच्या टेबलावरच जास्त उघडले जातात. कुणी बूटलोडर अनलॉक करतोय, कुणी कंपनीने अपडेट बंद केलेल्या फोनवर लिनेजओएस चढवतोय. चढवता चढवता फोनची वीट झाली की रात्री दोन वाजता सगळी विंग गोळा! असल्या मंडळींना (त्यात मीही आलो) आपल्याच गावचा एक माणूस माहीत असायला हवा, तो म्हणजे बाबूराव पेंटर. लोक त्यांना चित्रकार आणि दिग्दर्शक म्हणून ओळखतात. मला ते आवडतात हार्डवेअरवाले म्हणून.

जन्म कोल्हापूरचा, ३ जून १८९०. खरं आडनाव मेस्त्री. घरात कारागिरी पिढीजात, त्यामुळे हत्यारं हाताळायला वेगळं शिकावं लागलं नाही. चित्रकलेचंही कुठलं कॉलेज केलं नाही. चुलतभाऊ आनंदरावांबरोबर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, आणि पेंटर हेच आडनाव होऊन बसलं. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि या दोघांच्या डोक्यात सिनेमा शिरला. त्यांनी प्रोजेक्टर मिळवला, यंत्र समजून घ्यायला सुरुवात केली. आणि १९१६ साली आनंदराव वारले.

दुसरा कुणी असता तर परत पडदे रंगवत बसला असता. बाबूराव थांबले नाहीत. विल्यमसन या विलायती कॅमेऱ्याचा अभ्यास करून, शिष्य विष्णुपंत दामल्यांना मदतीला घेऊन, त्यांनी १९१८ साली स्वतःचा कॅमेरा तयार केला.

मित्रांनो, हे वाचायला सोपं वाटतं, म्हणून जरा आतलं बघू. सिनेमाच्या कॅमेऱ्यात फिल्म सलग पळत नाही. एक चौकट काचेसमोर येते, क्षणभर अगदी स्तब्ध थांबते, तिच्यावर प्रकाश पडतो, मग झडप बंद होते आणि तेवढ्यात एक छोटा आकडा फिल्मच्या कडेच्या भोकात शिरून तिला पुढच्या चौकटीवर ओढतो. हे सेकंदाला साधारण १६ वेळा. दोन भोकांमधलं अंतर पाच मिलिमीटरहूनही कमी. आकडा किंचित इकडे-तिकडे झाला की पडद्यावर चित्र थरथरतं, झडप उशिरा मिटली की चित्र ओघळतं. या सगळ्याची वेळ सांभाळणारं फर्मवेअर म्हणजे हँडल फिरवणाऱ्याचा हात! सेकंदाला दोन फेरे, न चुकता. आपल्याला निदान सोर्स कोड मिळतो. रॉम बिघडला तर परत जुना टाकता येतो. तिथे भाग चुकला की तो परत घडवायचा. नाद खुळा म्हणतात तो हा.

पुढे तानीबाई कागलकरांनी भांडवल दिलं, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात 'सैरंध्री' लागला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरने तो भाग काढायला लावला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली. १९२३ च्या 'सिंहगड'साठी त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला, आणि १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये कर्जात बुडालेला शेतकरी दाखवला. देवदेवतांच्या त्या जमान्यात हे मला कॅमेऱ्याइतकंच धाडसाचं वाटतं. त्यात तरुण शेतकरी झालेले व्ही. शांताराम याच कंपनीत तयार झालेले.

पण १९२९ साली शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर ही मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी कुलकर्ण्यांना घेऊन प्रभात काढली. तेवढ्यात बोलपटही आला. बाबूरावांना त्याचं फारसं अप्रूप नव्हतं. ज्याने आख्खं यंत्र उघडून बघितलं, त्याला नवा आवाज तितकासा खुणावला नाही, याचं मला राहून राहून नवल वाटतं. कंपनी बंद पडली. त्यांनी नंतर बोलपटही केले, पण पहिला जोर ओसरला होता. १६ जानेवारी १९५४ रोजी ते कोल्हापुरातच गेले. खरी कॉर्नरला त्यांच्या कॅमेऱ्याचं स्मारक आहे, बिंदू चौकातून चालत जाता येतं.

आणि ते दामले? कॅमेऱ्याला हातभार लावणाऱ्या त्या शिष्याने प्रभातमध्ये ध्वनिमुद्रणाचं यंत्र हाताखाली घेतलं. १९३६ साली फत्तेलालांबरोबर त्यांनी 'संत तुकाराम' केला, तो दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गाजला.