मादाम क्युरींच्या शिकवण्या

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचं चरित्र लिहून दे, असा समितीचा निरोप आला, तेव्हा मी मादाम क्युरींचं नाव कळवलं. त्यांचं काय नवीन सांगणार, असं तुम्हाला वाटेल. रेडियम, दोन नोबेल पारितोषिकं, ही माहिती आपल्या सगळ्यांना पाठ आहे. म्हणून त्याबद्दल फार लिहीत नाही. मला लिहायचंय ते त्यांनी घेतलेल्या आणि त्यांना मिळालेल्या शिकवण्यांबद्दल. आपल्या वेळी शिकवणी लावणारा तो कच्चा, अशी समजूत होती. शिकवणीला जाणारी मुलं ते वर्गात सांगतही नसत. या बाईंचं आयुष्य मात्र शिकवणीवरच उभं राहिलं.

मारिया स्क्लोडोव्स्काचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ रोजी वॉर्सा इथे झाला. तेव्हा पोलंडच्या या भागावर रशियाचं राज्य होतं. वडील गणित आणि भौतिकशास्त्राचे शिक्षक, आई मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका. सरकारने शाळांमधले प्रयोग बंद केले, तेव्हा वडिलांनी काही उपकरणं घरी आणून ठेवली. पुढे त्यांची नोकरीतली जागाही गेली आणि घरी मुलं ठेवून त्यांना शिकवण्याची वेळ आली. मारिया दहा वर्षांची असताना आई क्षयाने गेली. १८८३ मध्ये ही मुलगी सुवर्णपदक मिळवून शाळेतून बाहेर पडली, पण पुढे वाट नव्हती. वॉर्साच्या विद्यापीठात मुलींना प्रवेशच नव्हता.

थोरली बहीण ब्रोन्या हिला डॉक्टर व्हायचं होतं. पॅरिसमध्ये मुलींना शिकता येई, पण पैसे कुठून आणायचे? दोघी बहिणींनी मिळून ठरवलं, की आधी ब्रोन्याने जायचं, मारियाने कमवून पैसे पाठवायचे; ब्रोन्याचं शिक्षण झालं की तिने धाकटीला बोलवायचं. मारियाने वॉर्सात घरोघरी शिकवण्या करून पाहिल्या. त्यात भागेना, म्हणून १८८६ च्या जानेवारीत ती श्चुकी नावाच्या खेड्यात झोराव्स्की कुटुंबाकडे राहून मुलींना शिकवायला गेली. तेव्हा ती अठरा वर्षांची होती, आणि दोन शिष्यांपैकी मोठी मुलगी तिच्याच वयाची!

खेड्याभोवती बीटाची शेतं आणि साखरेचा कारखाना होता. दिवसभर मालकाच्या मुलींना शिकवून झालं, की मारिया शेतमजुरांच्या मुलांना जमवून पोलिश वाचायला-लिहायला शिकवायची. मालकांची थोरली मुलगी तिला मदत करायची. हे बेकायदा होतं. पकडलं गेल्यास सैबेरियाला पाठवतील, याची दोघींना कल्पना होती.

मुलांची शिकवणी आटोपली की रात्री आणि पहाटे तिचा स्वतःचा अभ्यास. सुरुवातीला ती समाजशास्त्र, शरीरशास्त्र, पदार्थविज्ञान असं मिळेल ते वाचत होती. हळूहळू मन गणित आणि पदार्थविज्ञानावर बसलं. गणितात अडलं की ती वडिलांना पत्र लिहायची आणि ते पत्रातूनच समजावायचे. रसायनशास्त्राचे धडे तिला साखर कारखान्यातल्या एका रसायनतज्ज्ञाने दिले. त्या दिवसांचा विचार करताना मला हा कारखान्यातला माणूसच जास्त आठवतो. पुढे दोन मूलद्रव्यं शोधणाऱ्या बाईला साखरेच्या कारखान्यात बसून रसायनशास्त्र शिकवलं, याचा त्याला कधी पत्ता लागला का, कोण जाणे!

तिथेच मालकांचा गणित शिकणारा मुलगा काझिमिएर्झ आणि ती एकमेकांच्या प्रेमात पडले. घरात नोकरीला असलेली मुलगी सून म्हणून आईवडिलांना चालली नाही. काझिमिएर्झ पुढे मोठा गणिती झाला. अपमान गिळून मारिया त्याच घरात १८८९ पर्यंत शिकवत राहिली, कारण ब्रोन्याला पैसे जायचे होते. आपल्यापैकी ज्यांनी भावंडांच्या फीसाठी नोकऱ्या धरून ठेवल्या, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

वॉर्साला परतल्यावरही शिकवण्या चालूच होत्या. पण आता तिला एका संग्रहालयाच्या छोट्या प्रयोगशाळेत शिरकाव मिळाला. तिथला प्रमुख तिचा नात्यातला भाऊ, आणि तो स्वतः मेंडेलीवचा साहाय्यक राहिलेला. संध्याकाळी आणि रविवारी प्रयोगशाळा रिकामी असे, तेव्हा तिने तिथे हात तयार केला. १८९१ च्या नोव्हेंबरात ती पॅरिसच्या सॉरबोनमध्ये दाखल झाली. शाळा सुटून आठ वर्षं झाली होती. गणित कमी पडत होतं, फ्रेंचही. तरी १८९३ मध्ये पदार्थविज्ञानाच्या पदवीत ती पहिली आली, १८९४ मध्ये गणिताच्या पदवीत दुसरी. मधल्या काळात सहाशे रूबलची एक शिष्यवृत्ती मिळाली होती. पुढे कमाई सुरू झाल्यावर तिने ती रक्कम परत केली. अशी परतफेड कुणी मागितलेली नव्हती. दुसऱ्या एखाद्या मुलीच्या कामी यावी, एवढाच तिचा हेतू होता.

१८९५ मध्ये मारियाचं पिएर क्युरींशी लग्न झालं. योगायोग असा, की पिएर लहानपणी शाळेत गेलेच नव्हते. घरी आईवडिलांनी शिकवलं आणि चौदाव्या वर्षी गणिताला एक चांगले शिक्षक लाभले, तेव्हा ते खुलले. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे: १८९८ मध्ये पोलोनियम आणि रेडियम, १९०३ मध्ये पदार्थविज्ञानाचं नोबेल, १९०६ मध्ये पिएर यांचा अपघाती मृत्यू, १९११ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल.

या धामधुमीत मादाम क्युरींनी शिकवणं सोडलं नाही. १९०७ च्या सुमारास त्यांनी आणि काही प्राध्यापक मित्रांनी आपल्या मुलांना शाळेत न घालता स्वतः शिकवायचं ठरवलं. मुलं दहाएक. रसायनशास्त्र झाँ पेराँ शिकवत, गणित पॉल लांजव्हँ, आणि पदार्थविज्ञान मादाम क्युरी. सायकलच्या बेअरिंगमधल्या गोळ्या शाईत बुडवून त्या उतरत्या फळीवर सोडत. उमटलेल्या रेषेवरून मुलं पडणाऱ्या वस्तूंचा नियम पडताळून पाहत. एकदा त्यांनी विचारलं, भांड्यातलं गरम पाणी गरमच कसं ठेवाल? मुलांनी लोकर गुंडाळण्यापासून नाना युक्त्या काढल्या. बाईंनी हसून सांगितलं, की मी असते तर आधी झाकण ठेवलं असतं. हा उपक्रम दोनेक वर्षंच चालला. त्यातली त्यांची मुलगी इरेन हिला त्या पुढे गावाला गेल्यावर पत्रातून गणितं पाठवत. वडिलांनी जे केलं, तेच लेकीसाठी केलं. इरेनला १९३५ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ते पाहायला आई नव्हती. ४ जुलै १९३४ रोजी त्या गेल्या होत्या.

मला सर्वांत जवळची वाटते ती १९१४ नंतरची गोष्ट. महायुद्ध सुरू झालं तेव्हा त्या सेहेचाळीस वर्षांच्या होत्या, म्हणजे साधारण आपल्या वयाच्या. जखमी सैनिकांच्या शरीरात गोळी कुठे अडकली आहे हे शोधायला क्ष-किरणांच्या गाड्या हव्या होत्या. त्यासाठी दोन नोबेलवाल्या या बाई शरीररचना शिकल्या, मोटार चालवायला शिकल्या. मग सुमारे दीडशे स्त्रियांना त्यांनी क्ष-किरण यंत्र चालवायला तयार केलं. त्यातल्या काहींचं शिक्षण बेताचंच होतं. तेव्हा गणित आणि वीज त्यांना मुळापासून शिकवावी लागली.

आता माझ्या मनातलं. मी गेली वीसेक वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करते. दर रविवारी आमच्या सोसायटीत कामाला येणाऱ्या एका बाईंना मी गणित शिकवते. त्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसायचं ठरवलंय. आपल्या तुकडीतही दहावीनंतर शाळा सुटलेल्या मैत्रिणी आहेत, आणि त्यांच्यातल्या दोघी-तिघी अजून शिकायचं म्हणतात, असं मला ग्रुपवर कळलं. या वयात काय, असं म्हणून त्या गप्प बसतात. त्यांना म्हणावं, गप्प बसू नका.

रविवारी संध्याकाळी शाळेचे वर्ग रिकामे असतात. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली, तर गणिताची बाजू मी सांभाळते. रसायनशास्त्राला कुणीतरी हवं. आपल्या रसायनशास्त्राच्या बाई निवृत्त झाल्या असल्या, तरी हा लेख वाचून त्या नाही म्हणणार नाहीत, असा माझा अंदाज आहे. बाई, स्नेहमेळाव्याला आलात की तुमच्याशी पाच मिनिटं बोलायचंय.